भोक एकदाच पडतं

चिमे,

परवा फोनवर तू म्हणालीस, "काका, नोकरी तर लागली, पण काम काय, तर जुन्या ड्रिल होलचे कागद कॉम्प्युटरवर चढवायचे. एमएस्सी करून टायपिंगच करायचं का?" मी तेव्हा काही बोललो नाही. मागं तुझी आई शेंगदाण्याच्या चटणीच्या बरण्या बांधत होती आणि तुझं निम्मं लक्ष तिकडं होतं. मलाही हे सावकाश सांगायचं होतं.

तू ज्या कागदांना हात लावणार आहेस ते चंद्रपूरकडचे. पोंभुर्णा तालुक्यातलं ठाणेवासन्याचं तांबं, आणि गोंडपिपरीच्या गॅब्रोसारख्या काळ्या खडकांत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या माणसांनी नोंदवलेलं निकेल, तांबं, कोबाल्ट. आपल्या देशाला लागणारं निकेल जवळपास सगळं बाहेरून येतं. २०२३ साली केंद्र सरकारनं ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली, तिच्यात तांबंही आहे आणि निकेलही. मग जो तो जुनी होलं उकरून बघायला लागला. उकरायचं म्हणजे कागदच, कारण पुन्हा भोक पाडायला एका मीटरला हजारो रुपये लागतात.

आपल्या परभणीखाली तांबं-निकेल कोणी शोधत नाही. पण भोक आणि त्याची नोंद यांचं काय नातं असतं ते तू इथंच बघितलंयस. २०१६ चा उन्हाळा आठव, लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते साल. आपल्या मळ्यात रात्री अकराला बोअरची गाडी आली. दर रॉडला निघालेला चुरा मी टोपल्यानं वेगळा ढीग करून ठेवत होतो. आधी काळी माती, मग पिवळा मुरूम, मग पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या, मग काळा पाषाण, एका ठिकाणी तांबडा गेरू, आणि परत पाषाण. पहाटे ओला चुरा आला तेव्हा सगळे नाचले. तू पण नाचलीस. तिसऱ्या दिवशी वळवाचा पाऊस आला आणि सगळे ढीग एक झाले. आज विचारलं, तर आजोबा सांगतात पाणी १८० फुटांवर लागलं, तुझा बाप म्हणतो २१०, गाडीवाल्याच्या बिलात फक्त एकूण फूट, आणि मी माझ्या डायरीत लिहिलंच नव्हतं. बोअर तिथंच आहे, पाणीही आहे, पण गेरू किती फुटांवर होता हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

चंद्रपूरच्या प्रत्येक होलमागं असा एक वळवाचा पाऊस दबा धरून बसलेला असतो. तू त्याच्या आधी पोचायचंस. म्हणून हे कानमंत्र, जसे सुचतील तसे.

आधी होलची ओळख

१. पहिले चार दिवस कॉम्प्युटर उघडू नको, कोअर शेडमध्ये जा — जिच्या नोंदी करायच्या ती खडकाची कांडी, म्हणजे कोअर, हातात घेतल्याशिवाय कागदावरचा आकडा जिवंत होत नाही.

२. जाताना पाण्याची बाटली, ब्रश आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग ने — कोरडा कोअर सगळा करडाच दिसतो. ओला केला की चाल्कोपायराइटचा पितळी पिवळा आणि पिऱ्होटाइटचा तांबूस-काशाचा रंग वेगळा होतो.

३. कागद आधी स्कॅन कर, मग टाईप कर. प्रत्येक पानाला नंबर दे, मागची बाजूही स्कॅन कर — ड्रिलर लोक खरी गोष्ट नेहमी पानाच्या मागं लिहितात. "पाणी परत येईना", "रॉड अडकला", "बिट बदलला" असल्या ओळी पुढच्या बाजूला सापडत नाहीत.

४. होलला एकच नाव ठरव आणि बाकीची नावं "उर्फ" अशा वेगळ्या रकान्यात सांभाळ — शाळेच्या दाखल्यावरची तू आणि घरातली चिमी एकच आहात हे आम्हाला माहीत आहे, कॉम्प्युटरला नाही. "टीडब्ल्यू-१", "टीडब्ल्यू-०१" आणि "टीडब्ल्यू १" ही त्याच्या लेखी तीन भावंडं.

५. जागेचे अक्षांश-रेखांश कोणत्या मापानं घेतलेत ते लिहिल्याशिवाय आकडा आत घेऊ नको — जुन्या टोपोशीटवरचं एव्हरेस्ट नावाचं माप आणि आजच्या जीपीएसचं माप यांत आपल्याकडं शंभर मीटरांहून जास्त फरक पडतो. तेवढ्यात खनिजाची अख्खी शीर इकडची तिकडं होते.

६. यूटीएम या नकाशाच्या जाळीतला झोन बघ, दर वेळी बघ — परभणी ४३ मध्ये येते, चंद्रपूर ४४ मध्ये, कारण सीमा ७८ अंश रेखांशावर आहे. परभणीकडं काम केलेला माणूस सवयीनं ४३ टाकतो आणि गोंडपिपरीचं होल पार पश्चिमेला जाऊन बसतं.

७. सगळी होलं एकदा नकाशावर टाकून डोळ्यांनी बघ — अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल झाली, तर गोंडपिपरीचं होल उत्तर ध्रुवाजवळ स्वालबार्डच्या बर्फात दिसतं. ही चूक कळते तरी. दोनशे मीटरांची चूक शेतातच लपून बसते.

८. होलच्या तोंडाची उंची टोपोशीटवरच्या उंचीशी ताडून बघ — शेजारशेजारच्या दोन होलांत सपाट रानात तिपटीहून जास्त फरक दिसला, तर एक आकडा बहुधा फुटांतला आहे.

फुटांचं निघालंच, तर थोडं थांबून सांगतो.

किल्लारीचा भूकंप झाला तो १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे. तेव्हा तुझा जन्मही नव्हता, पण परभणीत आम्ही सगळे अंगणात येऊन उभे राहिलो होतो. नंतर शास्त्रज्ञांनी तिथं ६१७ मीटरचं होल घेतलं. वरचे ३३८ मीटर आपला काळा पाषाण, मग साधारण ८ मीटर गाळाचा थर, आणि त्याखाली फार जुना स्फटिकी खडक. पाषाणाचा लाव्हा वाहायच्या आधी ती जमीन उघडी होती, तिच्यावर पाणी वाहत होतं, हे त्या ८ मीटरांनी सांगितलं. मराठवाड्याच्या पायाखाली काय आहे याबद्दल आपण आज जे बोलतो त्यातलं बरंच या तीन आकड्यांवर उभं आहे. आता समज, नक्कल करताना कोणी ३३८ पुढचं "मीटर" गाळलं आणि पुढच्यानं ते फूट धरलं. पाषाणाची जाडी एका झटक्यात १०३ मीटर झाली असती. खडक तेवढाच राहिला असता, पण त्यावर उभं केलेलं सगळं गणित खोटं ठरलं असतं.

९. म्हणून आकडा आणि एकक वेगळ्या खोल्यांत झोपवू नको — रकान्याच्या डोक्यावरच "मीटर" लिही. मूळ कागदावर फूट असतील, तर फूटही ठेव आणि ०.३०४८ नं गुणून आलेले मीटर शेजारी ठेव. मूळ आकडा पुसला की चूक शोधायला वाटच उरत नाही.

होल सरळ जात नाही

१०. कोन खाली जाणारा असेल, तर वजा लिहायचा की अधिक, हे पहिल्याच दिवशी ठरवून भिंतीवर लाव — चिन्ह उलटं पडलं की होल आभाळात जातं. चित्रात बघितल्याशिवाय ते कळत नाही.

११. होलचा कल किती मीटरवर मोजला आणि कशानं मोजला, दोन्ही लिही — जुन्या काळी काचेच्या नळीत काच खाणारं हायड्रोफ्लोरिक आम्ल घालून ती होलमध्ये उतरवत, आणि काचेवर उमटलेल्या रेघेवरून कल कळे. पण त्यातून कल मिळतो, दिशा मिळत नाही. तिथं दिशेचा आकडा दिसला, तर तो कोणीतरी मनानं घातलेला आहे.

१२. तांबं-निकेलच्या होलमध्ये होकायंत्रावर डोळे मिटून भरवसा ठेवू नको — पिऱ्होटाइट चुंबकाला ओढतो. नेमक्या खनिजाच्या पट्ट्यात दिशेचा काटा भरकटतो. एखाद्या मोजणीत दिशा अचानक वीस अंशांनी फिरून पुढच्या मोजणीत परत जागेवर आली, तर होल वळलेलं नाही, काटा वळलाय. आकडा काढू नको, शेजारी "शंका: चुंबकी खडक" असा शेरा ठेव.

१३. जिथं मोजणीच झाली नाही, तिथं "सरळ" लिहू नको — मोजलं नाही आणि वळलं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खोली, पेटी आणि ठोकळे

१४. "पासून" आणि "पर्यंत" हे दोन रकाने वेगळे ठेव. एका रकान्यात "३-५" असं लिहू नको — एक्सेल त्याची तारीख करून टाकतो. मे महिना होलमध्ये शिरला की बाहेर काढणं महाकठीण.

१५. एका ओळीचा "पर्यंत" हाच पुढच्या ओळीचा "पासून" आहे का, ते आधी मशिनकडून आणि मग स्वतः तपास — दोन ओळी एकमेकींवर चढल्या तर एकच खडक दोनदा मोजला जातो, मध्ये फट राहिली तर एक तुकडा कोणाच्याच खात्यात नाही.

१६. शेवटच्या नमुन्याची खोली होलच्या एकूण खोलीपेक्षा जास्त निघाली, तर हसून सोडू नको — तिथं दशांश चिन्ह घसरलेलं असतं आणि ते एकटं घसरत नाही. मागच्या दहा ओळी बघ.

१७. कोअरच्या पेटीतल्या लाकडी ठोकळ्यांवर लिहिलेली खोली कागदाशी जुळव — हमाली करताना पेटी पडते, ठोकळे उचलून जागा दिसेल तिथं ठेवले जातात. पेटी कधी पडली होती हे शेडचा वॉचमन सांगतो, कागद सांगत नाही.

१८. तीन मीटरच्या रनमध्ये, म्हणजे ड्रिलच्या एका खेपेत, २.४ मीटर कोअर निघाला असेल, तर "८० टक्के" एवढंच लिही; हरवलेले साठ सेंटिमीटर कुठले हे ठरवू नको — मऊ, चुरणारा भागच हरवतो, आणि पुष्कळदा खनिजही त्यातच असतं. ती जागा अंदाजानं भरलीस की हरवलेलं कायमचं हरवलं.

१९. कोअरचा व्यास लिही — एनक्यू मापाचा ४७.६ मिलिमीटर आणि बीक्यूचा ३६.५. बारीक कोअरमध्ये नमुना लहान, म्हणून एखादा खनिजाचा डोळा सापडला की आकडा उड्या मारतो. उडी का मारली हे वीस वर्षांनी व्यासावरूनच कळतं.

कोरा रकाना

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला घेतलं, तिच्याकडं येतो. बाकी काही विसरलीस तरी चालेल.

मी नवा होतो, जिथं काम करत होतो तिथं एका तांब्याच्या होलचे निकाल भरायचे होते. मधले बारा मीटर कोरे. रकाना मोकळा ठेवला की त्या वेळचा प्रोग्राम अडायचा, म्हणून मी तिथं शून्य भरलं. एकदाच नाही, सगळ्या होलांत. प्रोग्राम खूश, साहेब खूश. त्या शून्यांसकट सरासऱ्या निघाल्या, नकाशे निघाले, आणि नकाशात त्या बाजूला "काही नाही" असा पांढरा पट्टा आला. पुढं तीन वर्षं त्या पट्ट्यात कोणी पाऊल टाकलं नाही.

मग एकदा दुसऱ्याच कामासाठी शेडमध्ये गेलो आणि ती पेटी समोर आली. वरच्या बाजूचा कोअर उभा चिरलेला, अर्धा. खालच्या बाजूचाही अर्धा. आणि मधले बारा मीटर अख्खे, गोल, करवत न लागलेले. मी बाटलीतलं पाणी ओतलं. काळ्या खडकावरून पाणी उतरलं आणि पितळी ठिपके चमकले, दाट नाही, पण चमकले. तिथला नमुना कोणी घेतलाच नव्हता. पैसे संपले असतील, पावसाळा लागला असेल, कापणारा माणूस गावी गेला असेल. "तपासलं नाही" असं जे होतं, त्याला मी "तिथं काही नाही" करून टाकलं होतं. पेटीजवळ उकिडवा बसून राहिलो. बाहेर चहाला बोलावत होते तरी उठवेना.

२०. कोऱ्या रकान्यात शून्य घालू नको, कोणी सांगितलं तरी — कोऱ्याला शून्य म्हणणं म्हणजे न भेटलेल्या माणसाला मेला म्हणणं.

२१. कोरेपणाचे पाच प्रकार कर आणि प्रत्येकाला आपली खूण दे: नमुना घेतला नाही, घेतला पण निकाल आला नाही, कोअरच निघाला नाही, कागद वाचता येत नाही, आणि तपासलं, पण यंत्राच्या पकडीखाली निघालं — पाचही कागदावर सारखेच मोकळे दिसतात, आणि पाचांचा अर्थ पाच दिशांना जातो.

२२. "५ पेक्षा कमी" असा निकाल आला, तर तसाच ठेव, मर्यादा वेगळ्या रकान्यात लिही — १९८० च्या यंत्राचं "कमी" आणि आजच्या यंत्राचं "कमी" एक नाही. अर्धं धरायचं की शून्य, हे हिशेब करणारा ठरवील, भरणारीनं ठरवायचं नाही.

२३. शंका आली की पेटी उघडून बघ: अख्खा गोल कोअर म्हणजे नमुना गेला नाही, अर्धा म्हणजे एकदा गेला, पाव म्हणजे पुन्हा कोणीतरी तपासून गेलंय — कागद हरवला तरी करवतीची खूण राहते.

२४. म्हणून उरलेला अर्धा कोअर कोणी फेकू म्हटलं, तर आडवी हो — इंडोनेशियातल्या बुसांगच्या सोन्याचा गाजलेला घोटाळा १९९७ साली उघडा पडला. तिथं अख्खा कोअर दळून तपासायला पाठवत, पडताळायला अर्धा ठेवतच नव्हते.

लॅबचे निकाल

२५. टक्के, पीपीएम आणि पीपीबी यांचं नातं पाठ कर — १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम, आणि १,००० पीपीबी म्हणजे १ पीपीएम. तांबं-निकेल टक्क्यांत येतं, त्याच कागदावर प्लॅटिनम-पॅलेडियम पीपीबीत येतं, आणि दुपारच्या तीनला दोन्ही सारखेच दिसतात.

२६. निकाल निकेलचा आहे की निकेल ऑक्साइडचा, ते बघ — ऑक्साइडमध्ये धातू साधारण ७८.६ टक्केच. जुन्या काही कागदांत ऑक्साइड लिहायची रीत होती.

२७. नमुना कोणत्या आम्लात विरघळवला ते न चुकता लिही — निकेल दोन घरी राहतं. पेंटलंडाइटसारख्या गंधकाच्या खनिजात, आणि ऑलिव्हिनसारख्या साध्या खडकाच्या खनिजात. चार आम्लांची तपासणी दोन्ही घरं उघडते, अ‍ॅक्वा रेजिया मुख्यतः पहिलं. कारखान्यात काढता येतं ते बहुतेक पहिल्या घरचं. पद्धत लिहिली नाहीस, तर ०.३ टक्के निकेल बघून लोक पेढे वाटतील, आणि ते सगळं ऑलिव्हिनमध्ये अडकलेलं निघेल.

२८. तपासणीची लॅब, तारीख, पत्राचा नंबर हे तीन रकाने कधीच गाळू नको — पुढं एखाद्या महिन्याचे सगळे निकाल वर किंवा खाली सरकलेले दिसले, तर त्या महिन्यात लॅबचं काहीतरी बिनसलं होतं, हे यावरूनच पकडता येतं.

२९. लॅबची परीक्षा घ्यायला मुद्दाम घातलेले नमुने (कोरा दगड, माहीत असलेला दगड, त्याच नमुन्याची जोडी) खऱ्या नमुन्यांच्या तक्त्यात मिसळू नको, आणि टाकूनही देऊ नको — वेगळ्या तक्त्यात ठेव. बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा की नाही ते यांच्याकडूनच कळतं.

खडकांची नावं

३०. जुन्या भूवैज्ञानिकानं खडकाला जे नाव दिलंय ते त्याच्या शब्दांत, त्याच्या शुद्धलेखनासकट, एका रकान्यात ठेव. तुझं नाव शेजारच्या रकान्यात — तू शहाणी आहेस, पण पेटी ताजी असताना त्यानं बघितली होती.

३१. एकाच खडकाला दोघांनी गॅब्रो आणि नोराइट म्हटलं असेल, तर भांडण मिटवायला बसू नको, पेट्या शेजारी मांडून पुन्हा बघ — अमेरिकेत मिनेसोटात डुलूथ कॉम्प्लेक्स म्हणून ११० कोटी वर्षांचा गॅब्रोचा प्रचंड साठा आहे, त्यात तांबं-निकेल भरपूर. तिथं अनेक कंपन्यांनी दशकानुदशकं होलं घेतली, प्रत्येकीची नावं निराळी. शेवटी डुलूथच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी जुना कोअर पुन्हा बघितला, एकाच नजरेनं, तेव्हा थर एका होलातून दुसऱ्यात जुळले. हे जमलं, कारण कोअर जपलेला होता. हिबिंग गावात त्या राज्याचं कोअर ठेवायचं ग्रंथालयच आहे.

या ग्रंथालयाबद्दल मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, आणि थोडं वाईटही. आपल्याकडंही अशी जपणूक आहे, नाही असं नाही, पण पत्रा गळायला लागला, वाळवी लागली, की आपण आधी फर्निचर हलवतो.

भरणाऱ्याच्या सवयी

३२. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं भरायचं, आणि आकडा एकेक करून उच्चारायचा, "तीन, सात" असा — आपली मराठी गोड आहे, पण सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस हे पंख्याच्या आवाजात एकच ऐकू येतात. एकोणऐंशी आणि एकोणनव्वदचं तर विचारूच नको.

३३. कागदावर मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळलेले असतील, तर एकाच हातची चार-पाच पानं आधी नुसती वाच — मराठी एक आणि इंग्रजी नऊ घाईत सख्खे जुळे दिसतात. "१.२" टक्के तांबं आणि "९.२" टक्के तांबं यांत एका खाणीचा फरक आहे.

३४. शंकेची ओळ लाल रंगानं रंगवू नको, "शेरा" असा रकाना कर आणि शब्दांत लिही — फाईल एका प्रोग्राममधून दुसऱ्यात गेली की रंग उडतो, शब्द राहतात.

३५. काहीही बदललंस, तर कोणी, कधी, कशावरून, हे तीन शब्द लिही — स्वतःची दुरुस्ती सहा महिन्यांनी स्वतःलाच परकी वाटते. भोक एकदा पडतं, चूक रोज पडते.

३६. दर शंभर ओळींतल्या दहा ओळी मूळ कागदाशी पुन्हा ताडून बघ, आणि त्या दुसऱ्यानं बघायच्या — आपल्याच हातची चूक आपल्या डोळ्याला ओळखीची वाटते, म्हणून खटकत नाही.

३७. तीन प्रती ठेव, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत — एका बरणीतलं लोणचं एकाच बुरशीनं जातं. आणि महिन्यातून एकदा ती प्रत उघडून बघ. न उघडलेली बरणी भरलेली आहे असं समजू नये.

३८. टाईप झाला म्हणून मूळ कागद रद्दीत जाऊ देऊ नको — तुझा तक्ता त्या कागदाची साक्ष देतो, त्याची जागा घेत नाही.

३९. डिसेंबर २०२३ पासून नॅशनल जिओसायन्स डेटा रिपॉझिटरी सुरू झाली आहे, देशभरची असली माहिती तिथं एकत्र येते — म्हणजे तुझा तक्ता तू कधी न भेटलेला माणूस वाचणार आहे. त्याला तुला फोन करून "हे शून्य खरं का गं?" असं विचारता येणार नाही. त्याच्यासाठी एक पान साध्या भाषेत लिहून जोड: कोणता रकाना काय, कोणती खूण कशाची.

४०. ज्यांनी ही होलं घेतली, ती माणसं अजून आहेत, त्यांना जाऊन भेट — ड्रिलर, हेल्पर, कोअर कापणारे, लॉग लिहिणारे. सत्तरीतले, पंचाहत्तरीतले आहेत. कागदावर नसलेलं त्यांना आठवतं: अमुक होलाच्या वेळी पूर आला आणि रिग पंधरा दिवस बंद होती, तमुक होल दहा मीटर सरकवावं लागलं कारण शेतकऱ्यानं उभ्या धानात येऊ दिलं नाही. रिकाम्या हातानं जाऊ नको, त्यांच्या अक्षरातल्या पानाची नक्कल ने. स्वतःचं अक्षर दिसलं की माणूस बोलता होतो. एवढं एक काम पुढच्या वर्षावर टाकू नको.

आता मी पण त्याच वयाचा झालो. तू म्हणालीस त्या होलांपैकी काहींचे लॉग ज्या हातानं लिहिलेत, त्या हाताशेजारी मी दोन उन्हाळे तंबूत काढलेत. तो एक काढताना वरचं गोल अर्धवट सोडायचा आणि नऊ काढताना शेपटी डावीकडं ओढायचा, हे मला अजून डोळ्यांपुढं आहे. दिवाळीला येशील तेव्हा जी पानं वाचता येत नाहीत त्यांचे फोटो आण, मोठे करून. तोवर त्या रकान्यांत काही भरू नकोस, "वाचता येत नाही" एवढंच लिहून ठेव. आपण ओसरीवर बसून एकेक लावू, आणि जे मलाही लागणार नाही ते तसंच राहू दे.

तुझा,
काका
परभणी